अर्धं वाक्य

माझ्या सुनेने, मृणालने, त्या बॅगेचं नाव 'म्हैस' ठेवलं होतं. काळी, ओली, माणसाएवढी लांब आणि जिथे टाकाल तिथे फतकल मारून बसणारी. "ईशान, तुझी म्हैस घरात आली तर मी घराबाहेर जाईन हं," असं ती जिन्यावरून ओरडायची आणि लगेच कानातलं यंत्र सरळ करून ऑफिसच्या मीटिंगमध्ये गोड आवाजात सॉरी म्हणायची. मृणाल नागपूरची, तिचा आवाज मुळातच मोकळा. बॅगेत ईशानचे स्केट्स, पॅड, हातमोजे, हेल्मेट असं सगळं चिलखत असायचं आणि त्याला हिवाळाभर आंबलेल्या पिठासारखा एक वास यायचा. अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला म्हैस, आणि मधल्या जागेत माझा तेरा वर्षांचा नातू दाराच्या लोखंडी पत्र्यावर स्टिकने पक, आइस हॉकीची ती रबरी चकती, मारत उभा. ठक्. मग थोडी शांतता. मग ठक्. वर स्वयंपाकघरात फोडणी देताना मला तो आवाज पायांतून जाणवायचा. आता ते घर शांत आहे. पत्र्यावरचे काळे डाग मात्र अजून गेलेले नाहीत. प्रसाद, माझा मुलगा, दरवर्षी रंग द्यायचं म्हणतो आणि दरवर्षी राहून जातं.

मी तिकडे कायमचा राहायला गेलो तो बायको गेल्यावर. मुलगा आणि सून दोघंही सकाळी सातला लॅपटॉप उघडून बसणारी माणसं. त्यांच्या घरात मला मान होता, खोली होती, आयपॅड होता. काम मात्र नव्हतं. तीस वर्षं बँकेत रोज काही ना काही निकालात काढलेल्या माणसाला काम नसलं की तो भाज्या चिरतो, मग त्या चिरलेल्या भाज्यांवर मतं देतो, आणि मग सुनेच्या लक्षात येतं की बाबांना बाहेर काढलं पाहिजे. म्हणून मी सत्तरीत अमेरिकेचं लायसन्स काढलं. प्रसादला ते पटलेलं नव्हतं. "बाबा, इथे फ्रीवेवर लोक हॉर्न वाजवत नाहीत, डायरेक्ट आदळतात," तो म्हणाला. पण ईशानच्या प्रॅक्टिस पहाटे असत, आणि पहाटे उठण्यात त्या घरात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. अशी मला नोकरी लागली. ईशानला रिंकवर, त्या बर्फाच्या मैदानावर, नेणं आणि आणणं. शेवटपर्यंत सांभाळावी अशी नोकरी होती ती, आणि पुढे जे घडलं ते ती सांभाळायच्या नादातच घडलं, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडीत बसल्यावर तो पहिली दहा मिनिटं झोपेतच असायचा. मग मी मागच्या सीटवरचा डबा दाखवायचो. पोळीला तूपगूळ लावून गुंडाळी केलेली, फॉइलमध्ये, कधी थालीपीठ. त्याच्या टीममधली पोरं थालीपिठाला 'स्पायसी पॅनकेक' म्हणत आणि त्यातला एक लाल केसांचा गोलकीपर तर माझ्याकडे बघूनच हात पुढे करायचा. "आबा, तो तुला नाही, डब्याला हाय म्हणतोय," ईशान म्हणायचा. तो मराठी समजायचा सगळं, बोलायचा अर्धं. परतीच्या वाटेवर, केस ओले, गाल लाल, एकच प्रश्न: "आबा, किती?"

म्हणजे दहापैकी किती. मी पाच म्हणायचो, सहा म्हणायचो. एकदा सात दिले तेव्हा त्याने घरी जाऊन आईला सांगितलं, "आबांनी सेव्हन दिले!" आणि मृणालने उत्तर दिलं, "अगंबाई, मग आज श्रीखंड करायला हवं." त्या घरात माझ्या सातची किंमत सगळ्यांना ठाऊक होती. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही.

हॉकी मला कळत नव्हती. बर्फावरची तर नाहीच. पण मी सांगलीत कॉलेजला आणि नंतर बँकेच्या टीममधून कबड्डी खेळलो, डाव्या कोपऱ्याला. पुढे काही वर्षं जिल्ह्याच्या निवड समितीवरही बसलो. पोरगा मैदानात येताना कसा चालतो इथपासून आम्ही बघायचो. ईशान डिफेन्सला खेळायचा, तोही डावीकडे. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की कपडे आणि जमीन सोडली तर हा माझाच धंदा आहे. समोरून एक माणूस जीव खाऊन अंगावर येतो, तुम्ही मागे सरकत जाता, आणि किती मागे सरकायचं यातच सगळा खेळ असतो. लवकर झेपावलात तर तो बगलेतून निसटतो. उशीर केलात तर तो घरात शिरलेला असतो. कबड्डीत आम्हाला सांगायचे, चढाई करणाऱ्याच्या हाताकडे बघू नका, हात खोटं बोलतात. कंबर खोटं बोलत नाही. एका सकाळी गाडीत मी ईशानला हे सांगितलं. तो तोवर पककडे बघायचा आणि फसायचा. त्याने गुंडाळी चावता चावता विचार केला आणि म्हणाला, "पण आबा, दे वेअर पॅड्स. कंबर दिसत नाही." मग पुढच्या लाल दिव्यापर्यंत गुंडाळी संपवली. आणि मग, "छाती बघू?" मी म्हटलं, बघ.

त्या हिवाळ्यात मी जे पाहिलं ते इथे नीट लिहितो, कारण ते मी एकदा सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नाही. ईशान अंगाने लहान होता. त्याचा फटका मऊ होता. गोलपासून लांबच्या निळ्या रेघेवरून त्याने मारलेला पक गोलकीपर चहा पिता पिता अडवेल असा. उजवीकडून डावीकडे वळताना त्याचा एक पाय किंचित मागे राहायचा आणि हातून चूक झाली की क्षणभर त्याची मान खाली जायची. हे दोष. आता बाकीचं. उलटं स्केटिंग करताना त्याचं डोकं वरखाली होत नसे, जणू कोणी ट्रेमधून पाण्याचा पेला नेतोय. थंडी सरेपर्यंत तो समोरच्याच्या छातीकडे बघायला शिकला होता. समोरचा आणि तो यांच्यात तो बरोबर एका स्टिकचं अंतर ठेवायचा, कमी नाही की जास्त नाही, आणि त्या अंतरावरून त्या पोराला हळूहळू कडेच्या फळ्यांकडे असा नेऊन सोडायचा की त्या बिचाऱ्याला वाटावं आपणच तिकडे निघालो होतो. मग स्टिकचं टोक पुढे, छोटासा टोला, पक आपला. पक मागे कोपऱ्यात गेला की तो आणायला जाताना बाकीची पोरं मान खाली घालून सुटायची; हा जाता जाता दोनदा खांद्यावरून मागे बघून घ्यायचा. त्यामुळे पक हाताला लागायच्या आधीच तो कुणाला द्यायचा हे त्याचं ठरलेलं असे. पास सपाट जायचा, घेणाऱ्याच्या स्टिकवर. त्याच्या खेळात टाळ्या वाजण्यासारखं काही घडायचंच नाही. तो बर्फावर असला की आपल्या गोलजवळ काही घडत नसे एवढंच. शेजारी बसलेल्या आया आणि बाप गोल मारणाऱ्यांच्या नावाने ओरडत असत आणि मी थर्मासमधला चहा पीत गप्प बसायचो. आतून मात्र फुलून गेलेला असायचो.

आणि आणखी एक. फेब्रुवारीतल्या एका सामन्यात तो कोपऱ्यातून पक काढत असताना समोरच्या टीममधला एक दांडगा पोरगा वेगाने त्याच्या अंगावर आला. त्या वयाला धक्का देणं नियमात बसतं. ईशानने त्याला पाहिलं होतं. खांद्यावरून मागे बघायची सवय होती ना. पक तसाच सोडून बाजूला झाला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. पण तो तिथेच थांबला, पास दिला, पूर्ण दिला, आणि मग धक्का खाल्ला. फळ्यांवर आपटल्याचा आवाज माझ्या हिरड्यांत गेला. तो उठला, हेल्मेट सरळ केलं आणि आपल्या जागेवर निघून गेला. परत येताना गाडीत त्याने विचारलं, "किती?" मी म्हणालो, "सात."

आमच्या घरी आपल्या पोराची स्तुती आपण करायची नसे. माझे वडील सांगलीच्या शाळेत मास्तर होते. मी आंतरशालेय सामन्यात शेवटची पकड करून जिंकून दिलं त्या संध्याकाळी क्रीडाखात्याचे एक साहेब घरी आले होते. वडील त्यांना पोहे देत म्हणाले, "कसचं काय हो, धांदरट आहे कार्टं. नशिबाने पाय हाताला लागला." आणि साहेब पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "अहो मास्तर, काय बोलताय! वाघ आहे वाघ तुमचा!" दाराआड उभा राहून मी ते ऐकलं आणि त्या 'वाघ'वर कितीतरी दिवस जगलो. वडिलांच्या बोलण्याचं मला काहीच वाटलं नाही. ते त्यांचं अर्धं वाक्य होतं, दुसरं अर्धं पाहुण्याने म्हणायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बापाने पोराला खाली ढकलायचं आणि लोकांनी वर काढायचं. मुलगी बघायला आले तरी हेच, मुलाला नोकरी लागली तरी हेच. खरं सांगायचं तर आता मला वाटतं, त्यांनी एकदा तरी पाहुणा गेल्यावर मला बोलवून दुसरं अर्धं स्वतः म्हणायला हवं होतं. पण ते तेव्हा सुचलं नाही. त्यांनाही नाही आणि मलाही नाही.

ईशानच्या कोचचं नाव वॉल्ट. पन्नाशीचा, जाड मिशांचा, एका पायाने लंगडणारा. तो पोरांवर ओरडायचा, पण ओरडण्यात नाव घेऊन, चूक सांगून ओरडायचा, आणि ईशानला तो 'प्रोफेसर' म्हणायचा. मला त्याचा राग यावा असं त्याने कधी काही केलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय.

मार्चमध्ये शेवटची प्रॅक्टिस झाल्यावर वॉल्टने एकेका पोराला घरच्यांबरोबर बोलावलं. पुढच्या वर्षी क्लबची वरची टीम तोच घेणार होता. डाव्या डिफेन्सला एक जागा उरलेली होती आणि तिच्यासाठी दोन पोरं होती, ईशान आणि दुसरा एक, अंगाने मोठा. हे आम्हाला माहीत होतं. घरी आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ईशानने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती कंपास घेऊन गोल काढला होता. प्रसादची त्या दिवशी क्लायंट मीटिंग निघाली. "बाबा, तुम्ही जाल ना? तो जे सांगेल ते ऐकून या फक्त," तो म्हणाला. कपडे बदलायच्या खोलीशेजारी एक बारकी खोली होती, कोल्ड्रिंकचं मशीन घुमत असायचं तिथे. आम्ही तिघं बसलो. ईशानचे केस ओलेच होते. वॉल्टने आधी त्याच्याशी बोलून घेतलं, पायाच्या वळणाबद्दल, फटक्याबद्दल, म्हणजे मी जे दोष वर लिहिले तेच त्यानेही पाहिले होते. मग तो माझ्याकडे वळला. त्याचं म्हणणं असं होतं: तुम्ही वर्षभर एकही प्रॅक्टिस चुकवली नाहीत. बाकीचे लोक फोन बघतात, तुम्ही बर्फ बघता, मी पाहिलंय. तुम्ही स्वतः खेळलेले आहात असं प्रोफेसर सांगतो. वरच्या टीममध्ये समोर मोठी पोरं असतील, धक्के बसतील. हा उभा राहील? तुम्हाला काय वाटतं?

एका परक्या माणसाने मला माझ्या धंद्यातला प्रश्न आदराने विचारला होता. त्या देशात पहिल्यांदाच. मी खुर्चीत सरसावून बसलो, ईशानच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि हसत म्हणालो, "नो, नो. ही इज नॉट सो गुड." थांबलो नाही. अजून लहान आहे, म्हणालो. पुष्कळ दोष आहेत, म्हणालो. आणि मग बँकेत मोठ्या साहेबांसमोर एखादा चांगला शब्द सुचावा तसा मला एक शब्द सुचला. "अ लिटल टिमिड," मी म्हणालो. थोडा भित्रा.

आणि मी वाट बघत बसलो. मशीन घुमत होतं. मी वॉल्टच्या तोंडाकडे बघत होतो, चेहऱ्यावर ते हसू तसंच धरून, की आता तो बशी खाली ठेवील आणि म्हणेल, काय बोलताय आजोबा, वाघ आहे तुमचा. वॉल्टने मान हलवली. हळू, दोनतीनदा, विचार करत. मग तो म्हणाला की या खोलीत बसून प्रत्येक बाप त्याला सांगतो की आपला पोरगा पुढेमागे व्यावसायिक खेळणार आहे. खरं बोलणारे तुम्ही पहिलेच. आणि त्याने उठून माझा हात हातात घेतला. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. ईशानचा गुडघा माझ्या हाताखालून कधी सरकला ते मला कळलंही नाही.

गाडीत त्याने 'किती' विचारलं नाही. डब्यातलं थालीपीठ तसंच राहिलं. पुलाखालून बाहेर पडल्यावर तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आबा, डू यू थिंक आय'म टिमिड?"

"अरे नाही रे. असं म्हणायचं असतं."

"कोणी?"

"घरच्यांनी. आपण आपल्या तोंडाने कौतुक करत नाही."

"पण ही आस्क्ड यू." थोड्या वेळाने, अगदी हळू, "ही वॉज रिअली आस्किंग."

तेव्हाच गाडी वळवून परत जायला हवं होतं. वॉल्ट अजून रिंकवरच असणार होता. त्याला दोन मिनिटांत सगळं समजावता आलं असतं, फेब्रुवारीतल्या त्या धक्क्याची एक गोष्ट सांगितली असती तरी पुरलं असतं. पण परत जाऊन, मघाशी बोललो ते खरं नव्हतं, ती आमच्याकडची रीत आहे, असं त्या माणसाला सांगायचं, ज्याने आत्ताच मला खरं बोलणारा म्हणून हात दिला होता! मी सिग्नल देऊन फ्रीवेवर चढलो.

चार दिवसांनी वॉल्टचा प्रसादला फोन आला. आम्ही जेवायला बसलो होतो, वरणभात, वांग्याची भाजी. प्रसाद फोन घेऊन पलीकडच्या खोलीत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "नाही घेतलं," तो म्हणाला. "म्हणतो, अजून एक वर्ष खालच्या टीमला खेळू दे. म्हणे स्किल आहे, पण टिमिड आहे. टिमिड! आणि वर म्हणतो, तुम्हा लोकांनाही घरी तसंच वाटतं ना." त्याने ताट बाजूला सारलं. "'तुम्हा लोकांना' म्हणजे काय? आपली मुलं यांना टिमिडच वाटणार. मॅथ करा, कोडिंग करा, बर्फावर काय काम तुमचं!"

"अहो, हळू," मृणाल म्हणाली.

"हळू काय? मी वीस वर्षं ऑफिसात हेच ऐकतोय. फक्त शब्द वेगळा असतो." मग तो माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही होतात ना त्या दिवशी? तुम्ही काही बोललात का त्याला?"

ईशान माझ्या समोरच बसला होता. मला आठवतं, मी आधी वरणाची वाटी उचलली. माझ्या डोळ्यांसमोर गाडीची किल्ली आली. प्रसाद रागावेल याची भीती नव्हती. तो म्हणेल, बाबा, उद्यापासून मी नेत जाईन, याची होती. मग मी आहेच परत भाज्या चिरायला. मी म्हणालो, "मी काय बोलणार? त्यांचं ते भराभर इंग्रजी मला कुठे कळतं. मी आपला मान हलवत होतो."

प्रसादने ईशानकडे पाहिलं. "खरं?"

ईशानने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याने भात कालवला, घास घेतला, चावला, आणि म्हणाला, "हो. आबा काही नाही बोलला."

डिफेन्सला पोरं जोडीने खेळतात. एकाकडून चूक झाली, तो पुढे गेला आणि त्याच्या मागे जागा मोकळी पडली, तर दुसरा काही न बोलता तिथे जाऊन उभा राहतो. ईशान हे उत्तम करायचा. हे त्याच्या गुणांमध्ये वर लिहायचं राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. प्रसादने त्याला त्या क्लबमधून काढला, इरेला पेटून. लांबच्या एका क्लबमध्ये घातला. तिथला कोच म्हणाला, हा लहान आहे, याला फॉरवर्डला खेळवू. जे पोरगं वर्षभर मागे सरकायला शिकलं होतं त्याला गोल मारायला पुढे पळवलं. त्याच्या मऊ फटक्याचं तिथे हसं झालं. तिथे फ्रीवेने पाऊण तास जायचं म्हणून प्रसादच नेऊ लागला. किल्ली माझ्या हातून तशीही गेलीच. एक हंगाम कसाबसा काढून ईशान म्हणाला, अभ्यास खूप आहे. म्हैस पुढच्या उन्हाळ्यात कोणाला तरी देऊन टाकली. ती गाडीत चढवायला मृणालने मदत केली आणि नंतर गॅरेजमध्ये बराच वेळ झाडत राहिली, झाडण्यासारखं तिथे काही नसताना.

वॉल्ट आम्हाला एकदा किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटला. त्याने लांबूनच हात केला आणि लंगडत आमच्याकडे यायला निघाला. "प्रोफेसर कसा आहे?" त्याने ओरडून विचारलं. प्रसाद पाठ फिरवून गाडीत बसला. मी बसलो त्याच्या शेजारी. मागे वळून पाहिलं तर वॉल्ट हात तसाच अर्धवट वर धरून उभा होता. पुढे तो आपल्या बहिणीकडे मिशिगनला गेल्याचं कळलं.

त्याचं नाव मात्र आमच्या घरात राहिलं. चार मराठी घरं जेवायला जमली आणि मुलांचा विषय निघाला की प्रसाद ती गोष्ट सांगतो. चांगली सांगतो, वॉल्टच्या मिशा आणि लंगडणं यांसकट. फ्रीमाँटहून आलेला त्याचा मित्र म्हणतो, आमच्याकडेही सेम, यार. अर्विंगची मृणालची मावसबहीण म्हणते, बास्केटबॉलमध्ये पण हेच करतात हो. त्यांच्या मुलांवर खरंच अन्याय झाला असेल. होतोच, मी नाही म्हणत नाही. पण त्या सगळ्या खऱ्या गोष्टींमध्ये ही एक खोटी गोष्ट इतकी वर्षं त्यांच्याच रांगेत बसून जेवते आहे.

यंदा थँक्सगिव्हिंगला ईशान कॉलेजमधून घरी आला होता. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. टेबलावर टर्कीऐवजी मृणालची सावजी भाजी होती आणि प्रसादने गोष्ट सुरू केली. 'टिमिड'पर्यंत आला तेव्हा ईशान भाजीचं भांडं पुढे सरकवत म्हणाला, "सोड ना बाबा. आय वॉजन्ट दॅट गुड."

"छे, असं कसं," जेवायला आलेल्या पलीकडच्या काकू लगेच म्हणाल्या, "किती सुंदर खेळायचास तू!"

ईशान हसला. मी ते हसू ओळखलं. माझ्या वडिलांचं होतं, पोहे देतानाचं.

दुसऱ्या दिवशी त्याला बसला सोडायला मी गेलो. आता जाताना गाडी तो चालवतो, मी शेजारी बसतो. डब्यात गुंडाळी होती. मी रात्रभर मनात जुळवलेलं सगळं एका दमात बोललो: एका स्टिकचं अंतर, दोनदा मागे बघणं, फळ्यांकडे नेऊन सोडणं, फेब्रुवारीतला धक्का, पास आधी दिलास आणि मग खाल्लास, मी पाहिलं होतं. तो रस्त्याकडे बघत ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "यू रिमेंबर ऑल दॅट?"

"तू विचार ना, किती."

त्याने एक लेन बदलली. "ओके. किती?"

"नऊ."

"दॅट्स इन्फ्लेशन, आबा," तो म्हणाला आणि हसला, चांगलं हसला. मग गाडी लावून बॅग काढताना, माझ्याकडे पाठ असताना, म्हणाला, "वॉल्टला हे आवडलं असतं." गुंडाळी घेऊन गेला. फॉइल काढत काढतच बसमध्ये चढला.

मी हे प्रकरण मराठीत लिहितोय ते ईशानसाठी नाही. त्याला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तो तिथे बसला होता. हे ज्याने वाचायचं आहे त्याला मराठी उत्तम येतं. समोरासमोर सांगायचं म्हणून दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि चहा हवा का विचारून परत आलो. तर प्रसाद, वॉल्टने तुझ्या मुलाला प्रोफेसर म्हटलं होतं. ईशानच्या खेळातला एकही गुण वॉल्टच्या नजरेतून सुटला नव्हता, आणि जे त्याला ठरवता येत नव्हतं तेवढंच त्याने मला विचारलं. मला त्याचं इंग्रजी नीट कळलं होतं. तीस वर्षं मी बँकेत इंग्रजीतच लिहीत होतो. 'टिमिड' हा शब्द त्याचा नव्हता. माझा होता.